गाडी पाच लाखांची, पार्ट पंधरा लाखांच्या गाडीचे

“भाऊ, डॉक्टरची गाडी आहे. सिंगल हँड. एक रुपयाचं काम नाही, घ्यायची अन् पळवायची.” संगमनेरात पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला जुन्या गाड्या विकायला उभ्या असतात. तिथे थोडा वेळ थांबलात तर हे कानावर पडणारच. उसाचं बिल खात्यावर जमा झालं, डाळिंबाची पट्टी हातात आली, पोरीचं लग्न ठरलं की घरात विषय निघतो, आता एखादी मोठी गाडी घेऊ. नवी घ्यायला पंधरा-वीस लाख लागतात. जुनी स्कॉर्पिओ किंवा एक्सयूव्ही पाच-सहा लाखांत मिळते. मग चौघे जण गाडी बघायला जातात. एक दार उघडून बंद करतो, दुसरा गाणी लावून बघतो, तिसरा टायरवर लाथ मारतो आणि चौथा किमतीत वीस हजार पाडून घेतो. बोनेटखाली कोणी वाकून बघत नाही. टोकन दिलं जातं.

भाव पाडला तो गाडीचा. पार्टचा भाव कोण पाडणार? पंधरा लाखांची गाडी दहा वर्षांनी पाच लाखांवर येते. तिचा टर्बो, तिचे इंजेक्टर, तिचा क्लच मात्र पंधरा लाखांच्या गाडीचेच राहतात आणि त्याच दराने मिळतात. पहिल्या मालकाला नवी गाडी परवडत होती, त्याला हा खर्च जड गेला नसता. पाच लाख जमवतानाच ज्याची दमछाक झाली, त्याच्या गळ्यात तो पडतो. विकणाऱ्याने नेमक्या याच टप्प्यावर गाडी काढलेली असते, कारण खर्च दाराशी आलाय हे त्याच्या मिस्त्रीने त्याला सांगितलेलं असतं.

या गाड्यांच्या बाबतीत संगमनेरची जागा तशी चांगली आहे. उत्तरेला नाशिक, जिथल्या महिंद्राच्या कारखान्यातून बोलेरो आली आणि २००२ मध्ये स्कॉर्पिओ आली. दक्षिणेला पुण्याच्या वाटेवर चाकण, जिथे २०११ पासून एक्सयूव्ही ५०० बनू लागली. दोन्हींना जोडणाऱ्या रस्त्यावर आपण मध्ये आहोत. महिंद्राच्या गाडीचा पार्ट इथे अडून बसत नाही आणि मिस्त्री लोकांचा हात या इंजिनांवर बसलेला आहे. पार्ट मिळेलच. तो किती वेळा लागेल आणि त्याला किती मोजावे लागतील, एवढंच सौद्याच्या दिवशी विचारायचं राहून जातं. पुढे जे आकडे देतोय ते गावातल्या साध्या गॅरेजचे ढोबळ आकडे धरा. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये ते चढेच असतात.

पहिला इंजेक्टर. कॉमन रेल डिझेल इंजिनात रेलमधला दाब दीड हजार बारच्या घरात जातो. आपण टायरात भरतो ती हवा दोन-सव्वादोन बार. एवढ्या दाबाने डिझेल सुईच्या टोकाएवढ्या भोकांतून सिलिंडरमध्ये फवारलं जातं. त्यात पाण्याचा थेंब किंवा बारीकशी रेती गेली की इंजेक्टरच्या आतली घासून गुळगुळीत केलेली जोड ओरखडते. मग गाडी सकाळी उशिरा उचलते, जागेवर थरथरते आणि काळा धूर सोडते. शेतावर कॅनमध्ये महिनाभर ठेवलेलं डिझेल जिने प्यायलं, त्या गाडीचे इंजेक्टर वाचत नाहीत. नवा एक इंजेक्टर १२ ते १८ हजारांना पडतो आणि बहुतेक इंजिनांना ते चार असतात. रिकंडिशन केलेले निम्म्याहून कमी पैशांत बसतात, पण ते कोणी आणि कुठल्या मशीनवर तपासले याचा कागद घ्या. हे सगळं टाळणारा डिझेल फिल्टर दीड-दोन हजारांच्या आत येतो. विकणाऱ्याला विचारा, फिल्टर शेवटचा कधी बदलला? बहुतेकांकडे उत्तर नसतं, आणि तेच तुमचं उत्तर आहे.

मग टर्बो. त्याचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, तोही इंजिन ऑईलच्या पातळशा थरावर तरंगत. पुण्याकडे जाताना चंदनापुरी घाट भरल्या गाडीने तिसऱ्या गिअरवर चढला, वर चहाला थांबलो आणि थांबल्याबरोबर चावी बंद केली, तर ऑईलचा पुरवठा तिथेच तुटतो. दांडा अजून फिरत असतो, टर्बोचं कवच लालबुंद तापलेलं असतं आणि आत अडकलेलं ऑईल जळून त्याचा कोळसा होतो. दहा वर्षं रोज असं झालं की बेअरिंग सैल पडतं, टर्बो शिट्टी मारतो, ऑईल पितो आणि निळा धूर काढतो. चावी बंद करण्याआधी मिनिटभर इंजिन जागेवर चालू ठेवायचं, एवढंच हे टाळायला लागतं. आतला संच बदलून घेतला तर १२ ते १८ हजार आणि अख्खा नवा टर्बो ३० ते ५० हजार. गाडी बघायला जाल तेव्हा कऱ्हे घाटात किंवा चंदनापुरीला नेऊनच चालवा. मार्केट यार्डाभोवती एक चक्कर मारून टर्बो कळत नाही.

क्लचबद्दल जरा जास्त बोलायला हवं, कारण आपल्या भागात सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. ग्रामीण भागातली एसयूव्ही फक्त माणसं वाहत नाही. ती ट्रॉली ओढते, चिखलात रुतलेला पिकअप बाहेर काढते, बंद पडलेली गाडी टोचन करून गावापर्यंत आणते. अर्ध्या क्लचवर ही कामं होतात आणि प्लेट जळते. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा सेट ८ ते १२ हजारांत येतो, म्हणून लोकांना क्लच म्हणजे दहा हजारांचं काम वाटतं. पण एक्सयूव्ही ५०० सारख्या बऱ्याच डिझेल एसयूव्हींमध्ये ड्युअल मास फ्लायव्हील असतं. दोन जड चकत्या आणि त्यांच्यामध्ये स्प्रिंगा. डिझेल इंजिनाचे धक्के गिअरबॉक्सपर्यंत जाऊ नयेत म्हणून ही व्यवस्था. स्प्रिंगा सैल झाल्या की गाडी बंद करताना खालून खडखड ऐकू येते. हे फ्लायव्हील धरलं की दहा हजारांचं काम ३५-४० हजारांवर जातं.

विकायच्या आधी काही जण फक्त प्लेट बदलतात. क्लच हलका होतो, गिऱ्हाईक खूश होतं. चार-सहा महिन्यांत फ्लायव्हील बोलायला लागतं, गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो, मजुरी पुन्हा मोजावी लागते आणि नवी घातलेली प्लेटही वाया जाते. म्हणून इंजिन चालू करताना जेवढं कान देऊन ऐकता, त्याहून जास्त ते बंद करताना ऐका. खिडक्या खाली करा, एसी-गाणी बंद करा, एका माणसाला खाली गाडीजवळ उभा करा आणि तीनदा चालू-बंद करायला लावा.

आता गाडीच्या पोटाखाली जाऊ. गाडी रॅम्पवर चढली की चांगला मिस्त्री आधी टॉर्च घेत नाही, पहार घेतो. लोअर आर्म आणि चेसिसच्या मध्ये ती घालतो आणि हलकेच उचकटतो. मधला रबरी बुश शाबूत असेल तर आर्म दबून परत जागेवर येतो. गेलेला असेल तर टक् असा लोखंडावर लोखंडाचा आवाज येतो, आणि वाकून पाहिलं तर रबराला गोल चीर पडून आतली नळी एका बाजूला सरकलेली दिसते. तोच हात पुढे बॉल जॉइंटकडे, लिंक रॉडकडे, टाय रॉड एंडकडे जातो. पाच मिनिटांचं काम आहे. गळीत हंगामात उसाच्या डबल ट्रॉल्यांनी खचलेले रस्ते, अकोल्याच्या पुढे राजूर-भंडारदऱ्याकडची पावसाळ्यातली वाट, प्रत्येक वस्तीपाशी कोणीतरी परस्पर टाकलेला गतिरोधक, हे सगळं या चार रबरांनी झेललेलं असतं. पुढची बाजू पूर्ण करायला १५ ते ३० हजार लागतात. न करता तसंच फिरवलं तर टायर आतल्या कडेने खाल्ले जातात, आणि १७ इंची एक टायर ९-१० हजारांच्या खाली येत नाही. टायरवर लाथ मारणाऱ्याला माझी विनंती आहे, लाथ मारू नका. खाली बसा आणि आतल्या कडेवरून हात फिरवा. बाहेरच्या कडेपेक्षा आतली कडा गुळगुळीत लागली तर खर्च कुठे आहे ते तिथेच कळलं.

कूलंटचं दुखणं तर घराघरातलं आहे. रेडिएटरची बाटली रिकामी दिसली की आपल्याकडे बोअरचं पाणी ओततात. त्यातले क्षार पाणी तापल्यावर नळ्यांच्या आत पांढरे होऊन बसतात, रेडिएटर चोंदतो, पाण्याचा पंप झिजतो आणि उन्हाळ्यात एसी लावून घाट चढताना काटा वर जातो. त्या वेळी थांबलं नाही तर हेड वाकतं. हेड उतरवणं, मशीनवर घासून घेणं, नवं गॅसकेट, ऑईल, मजुरी धरून २० ते ४० हजार. पिस्टन-रिंगपर्यंत प्रकरण गेलं तर लाखाच्या पुढची गोष्ट. शंभर-दोनशे रुपयांचं कूलंट वाचवून हे विकत घेतलेलं असतं.

गाडी तपासायची तर थंड इंजिनावरच. मालकाला आदल्या दिवशी बजावून ठेवा, आम्ही येईपर्यंत चावी लावू नका. सकाळी लवकर जा आणि पोचल्याबरोबर बोनेटवर तळहात ठेवा. बोनेट गरम लागलं तर चहा न घेता परत फिरा. तापवून ठेवलेलं इंजिन काहीतरी लपवतं. थंड असेल तर आधी कूलंटची बाटली उघडा. आत हिरवा, गुलाबी किंवा निळा असा स्वच्छ रंग हवा. गढूळ तपकिरी साय दिसली तर ऑईल आणि पाणी एकत्र झालंय. मग गाडी चालू करून मागे उभे राहा. थंडीत पहिल्या मिनिटाची पांढरी वाफ चालते. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबला नाही तर कूलंट जळतंय. निळा म्हणजे ऑईल जळतंय. रेस दिल्यावर काळे लोट आले तर इंजेक्टर, टर्बो नाहीतर ईजीआर, म्हणजे जळका वायू इंजिनात परत फिरवणारा व्हॉल्व. शेवटी इंजिन जागेवर चालू असतानाच ऑईल टाकायचं झाकण फिरवून सैल करा आणि उलटं करून त्याच तोंडावर नुसतं ठेवा. ते जागेवर बसून राहिलं तर ठीक. थडथड नाचून बाजूला उडालं तर पिस्टनवरून हवा खाली निसटतेय, इंजिन आतून झिजलंय. या परीक्षेला पैसा लागत नाही आणि कोणी नको म्हणूही शकत नाही. म्हणालं तर सौदा तिथेच संपवा.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्या आता जुन्या बाजारात भरपूर दिसतात. त्यांच्यात धुरातली काजळी पकडणारा डीपीएफ असतो. साठलेली काजळी जाळायला त्याला सलग वेगातला प्रवास लागतो. घर ते बसस्टँड, बसस्टँड ते कारखाना अशी दोन-चार किलोमीटरची धावपळ करणाऱ्या गाडीला तो मिळत नाही. काजळी अर्धवट जळते, न जळलेलं डिझेल इंजिन ऑईलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर ऑईलची पातळी वाढलेली दिसते. ऑईल कमी दिसलं तर आपण घाबरतो. या गाड्यांत ते वाढलेलं दिसलं तरी घाबरायला हवं. नवा डीपीएफ लाखाच्या घरात जाऊ शकतो, म्हणून काही जण तो कापून काढतात आणि स्कॅनरवर दिवा बंद करून ठेवतात. हे बेकायदा आहे. तशी गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नये. ज्याचा दिवसाचा प्रवास दहा किलोमीटरच्या आत आहे, त्याने डिझेल एसयूव्हीच्या नादीच लागू नये, हे माझं ठाम मत आहे.

कंपास, हॅरियर, हेक्टर यांचं दोन लिटरचं डिझेल इंजिन आणि डस्टरचं दीड लिटरचं, यांना टायमिंग बेल्ट असतो. रबरी पट्टा आहे, वयाने जातो. तो तुटला की पिस्टन व्हॉल्ववर आदळतात आणि इंजिन उघडावं लागतं. बदलल्याचं बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरायचं आणि खर्च किमतीतून वजा करायचा.

खूपच स्वस्त मिळतेय म्हणून दिल्ली-हरियाणाची गाडी आणणाऱ्यांसाठी थोडक्यात. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात बंदी घातली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली आणि तिथल्या गाड्या देशभर उतरत्या भावात फिरू लागल्या. एनओसी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स, पासिंगच्या चकरा हे सगळं जमेस धरा. आपल्याकडचा एमएच-१७ चा नंबर पडेपर्यंत तो स्वस्तपणा किती उरतो ते कागदावर मांडून बघा. दुसरी काळजी पुराची. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाड पाण्याखाली गेलं, शेकडो गाड्या बुडाल्या, आणि विम्यात निकाली निघालेल्या गाड्या लिलावातून पुन्हा बाजारात येऊ शकतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, गुंडाळलेल्या टोकाला मातीची रेघ लपत नाही. सीटखालच्या पट्ट्यांचा गंज आणि मॅटखालचा वासही बघा.

वय विसरू नका. २०११ ची गाडी २०२६ मध्ये पंधरा वर्षांची होते. फेरनोंदणीची फी एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाली, वर पर्यावरण कर. पासिंगला उभी करायची तर लाइटपासून ब्रेकपर्यंत सगळं करून घ्यावं लागतं, तो खर्च वेगळा.

मग घ्यायची कुठली? घरात एकच गाडी, मिस्त्री गावातला, पैसा मोजून ठेवलेला, अशी स्थिती असेल तर मी बोलेरो म्हणेन. ती ओबडधोबड आहे, मागे बसलेल्यांची हाडं खिळखिळी करते, पण तिच्यात बिघडायला वस्तू कमी आहेत आणि जे बिघडतं ते तालुक्यात दुरुस्त होतं. त्यानंतर नीट ठेवलेली स्कॉर्पिओ. एक्सयूव्ही ५०० आरामशीर आहे, पण तिच्यातले सेन्सर आणि वायरिंग रस्त्याकडेच्या गॅरेजला दाद देत नाहीत, स्कॅनरवाला माणूसच लागतो. ज्यांच्या कंपन्यांनी इथली विक्री थांबवली त्यांची गाडी भाव बघून घेऊ नका. शेवरलेने २०१७ च्या अखेरीस विक्री बंद केली, फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये कारखाने बंद करत असल्याचं जाहीर केलं. कॅप्टिव्हा किंवा एंडेव्हर दिसायला भारदस्त आहे, पण एखाद्या पार्टसाठी ती दोन-दोन महिने ताडपत्रीखाली उभी राहू शकते आणि तोवर बँकेचा हप्ता थांबत नाही.

कुठलीही घेतली तरी पाच लाखांच्या गाडीमागे एक लाख बाजूला ठेवलेच पाहिजेत, पहिल्या वर्षासाठी. ते नसतील तर चार लाखांची गाडी बघा. आणि आपला मिस्त्री सोबत न्या, त्याच्या सकाळचे हजार-दोन हजार रुपये त्याला द्या. पैसे घेऊन आलेला मिस्त्री तुमचा असतो. फुकट आलेल्याला विकणाऱ्याकडूनही काही मिळण्याची आशा असू शकते.

जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी केंद्र सरकारने १ एप्रिल २०२३ पासून नियम लागू केले आहेत. व्यापाऱ्याकडे आरटीओचं अधिकृतता प्रमाणपत्र हवं, गाडी ताब्यात घेतल्याची ऑनलाइन माहिती द्यायला हवी, आणि ती दिली की विकेपर्यंत जबाबदार मालक तोच मानला जातो. टोकन देण्याआधी हे प्रमाणपत्र मागा. दाखवत नसेल तर उठा. दाखवलं तर पावती पक्की घ्या आणि तिच्यावर गाडीचं किलोमीटर, अपघात झालाय की नाही, इंजिनाचं काम झालंय की नाही हे त्याच्याच हाताने लिहून घ्या. उद्या नगरला जिल्हा ग्राहक आयोगापुढे उभं राहायची वेळ आली तर “डॉक्टरची गाडी आहे” हे वाक्य तिथे सिद्ध करता येणार नाही. सहीचा कागद दाखवता येईल.

गावातल्या गॅरेजवाल्यांकडेही एक मागणं आहे. काम झालं की वहीच्या फाटक्या पानावर नुसता आकडा लिहून देऊ नका. तारीख, गाडीचा नंबर, मीटरचा आकडा, घातलेला पार्ट, एवढं लिहून सही करा. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या बहुतेक पार्टवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तो पक्क्या बिलावरच गिऱ्हाइकाला दिसतो. अशी बिलं एका फाइलमध्ये राहिली तर मीटर मागे फिरवणाऱ्याची चोरी तिथल्या तिथे उघडी पडेल. विकणाऱ्याकडे ती फाइल असेल तर त्याला दहा-वीस हजार जास्त द्या. नसेल तर किंमत सांगून होण्याआधीच त्याला सांगा की इंजेक्टर, क्लच, बुश आणि टायर मी गेलेलेच धरतोय, आता बोला.